टार्केनियनला शिक्षा झाली, पण न्याय कुणी केला?

1998च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या कॉलेज खेळांचा कारभार पाहणाऱ्या ‘एनसीएए’ने एका सदुसष्ट वर्षांच्या बास्केटबॉल कोचला 25 लाख डॉलर्स देऊन त्याचा दावा मिटवला. चूक मात्र कबूल केली नाही. जेरी टार्केनियनच्या मागे ही संस्था सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासून हात धुऊन लागली होती. त्याची नोकरी घालवण्याचा तिने प्रयत्न केला, त्याच्या संघांवर बंदी घातली आणि त्याच्या नावाला असा काळिमा लावला की लोक आजही ‘तो लास व्हेगासचा लबाड कोच’ म्हणून त्याला ओळखतात. आणि शेवटी पैसे देऊन विषय संपवला.

टार्केनियन धुतल्या तांदळासारखा होता असं मी म्हणणार नाही, कारण तसं ते नव्हतंच. पण त्याच्यावर आरोप ठेवणारे, पुरावा जमवणारे आणि निकाल देणारे सगळे एकाच संस्थेचे होते. असा निकाल बरोबर निघाला तरी त्याला न्याय म्हणता येत नाही. ज्या संस्थेच्या हातात माणसाची उपजीविका आहे, तिने ‘आम्ही खासगी आहोत’ असं सांगून नैसर्गिक न्यायाच्या साध्या नियमांतून सुटका करून घ्यायची, हे अमेरिकेत चाललं आणि आपल्याकडेही बरीच वर्षं चाललं.

टार्केनियनचा जन्म 1930 सालचा, ओहायोतल्या युक्लिड गावातला. घर आर्मेनियन. आई तुर्कस्तानातल्या कत्तलीतून जीव वाचवून पळालेली. तिच्या वडिलांना आणि भावाला मारून टाकलं होतं. जेरी शाळकरी असतानाच वडील गेले, मग कुटुंब कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनाला आलं. शिक्षणात तो यथातथाच, खेळाडू म्हणूनही बेताचा. काही वर्षं शाळांमध्ये कोचिंग केल्यावर तो ‘ज्युनिअर कॉलेज’मध्ये आला. ही दोन वर्षांची कॉलेजं. मोठ्या विद्यापीठांचे दरवाजे ज्यांना मार्कांमुळे, पैशामुळे किंवा कातडीच्या रंगामुळे बंद, ती मुलं तिथे येत. रिव्हरसाइड आणि पॅसाडेना या दोन ठिकाणी मिळून त्याने ओळीने चार वर्षं राज्यविजेतेपद मिळवलं.

1968 साली तो लाँग बीच स्टेटला गेला आणि जाताना हीच दुसऱ्या संधीची मुलं घेऊन गेला. त्या काळी कॉलेज बास्केटबॉलमध्ये एक अलिखित संकेत होता: घरच्या मैदानावर अमुक इतकीच कृष्णवर्णीय मुलं उतरवायची, बाहेरगावी फार तर एखादं जास्त. टार्केनियनने तो धाब्यावर बसवला. ज्याला खेळता येतं तो खेळेल, एवढाच त्याचा हिशेब. बाकीचे कोच नाकं मुरडत, आणि नंतर त्याच्याशी हरत. 1971 साली विभागीय अंतिम सामन्यात त्याच्या संघाने लॉस एंजेलिसच्या बलाढ्य यूसीएलए विद्यापीठाला घाम फोडला. सामना दोन गुणांनी हातचा गेला, 57-55.

त्याची ती टॉवेल चावायची सवय पुढे जगप्रसिद्ध झाली. शाळेत कोच असताना एका उकाड्याच्या सामन्यात पुन्हा पुन्हा पाणी प्यायला उठायचा कंटाळा आला, म्हणून त्याने टॉवेल ओला करून तोंडात धरला. सामना जिंकला, आणि टॉवेल कायमचा चिकटला. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, गळून गेलेला चेहरा, दातांत टॉवेलचं टोक: टीव्हीवर हा माणूस जिंकत असतानाही हरल्यासारखा दिसायचा. लास व्हेगासला स्टेडियमबाहेर त्याचा ब्राँझचा पुतळा आहे, त्यातही टॉवेल आहेच.

आता त्याच्या खऱ्या अपराधाकडे येतो. 1972-73च्या सुमारास लाँग बीचच्या वर्तमानपत्रात तो सदर लिहायचा. त्यात त्याने लिहिलं की एनसीएए लहान, गरीब कॉलेजांच्या मागे लागते आणि केंटकीसारख्या बड्या, तिजोरी भरून देणाऱ्या विद्यापीठांकडे ढुंकूनही बघत नाही. लवकरच लाँग बीचवर चौकशी बसली, आणि टार्केनियन तिथून गेल्यावर, जानेवारी 1974 मध्ये, कॉलेजला शिक्षा झाली. सदर आणि चौकशी यांचा संबंध होता हे कागदावर सिद्ध करता येणार नाही, पण तसं मानायला त्याच्याकडे पुरेशी कारणं होती. पुढे ऐंशीच्या दशकात केंटकीचं प्रकरण उघडकीला आलं तेव्हाचा त्याचा टोला तिकडच्या क्रीडापत्रकारांच्या तोंडी अजून आहे: एनसीएए केंटकीवर इतकी चिडली आहे की आता छोट्या क्लीव्हलँड स्टेटला आणखी दोन वर्षांची शिक्षा देईल! वड्याचं तेल वांग्यावर काढण्याच्या या पद्धतीला यापेक्षा नेमका शेरा मी वाचलेला नाही.

टोला नुसता चिडून मारलेला नव्हता. त्याच काळात यूसीएलएच्या खेळाडूंभोवती सॅम गिल्बर्ट नावाचा एक धनाढ्य बांधकाम व्यावसायिक वावरत असे. मुलांना काय हवं नको ते तो बघतो, हे लॉस एंजेलिसमध्ये सगळ्यांना ठाऊक. यूसीएलए त्या वर्षांत दहा राष्ट्रीय विजेतेपदं जिंकली. तिथले कोच जॉन वुडन 1975 साली सन्मानाने निवृत्त झाले. एनसीएएने यूसीएलएला शिक्षा केली ती 1981 साली. वुडन थोर शिक्षक होते याबद्दल वाद नाही. पण एकाच राज्यात, एकाच स्पर्धेत, एकाच काळात दोन कॉलेजांना दोन फूटपट्ट्या लावल्या गेल्या, हेही तितकंच खरं.

1973 मध्ये टार्केनियन नेवाडा विद्यापीठाच्या लास व्हेगास शाखेत, म्हणजे यूएनएलव्हीत आला. वाळवंटातलं जेमतेम पंधरा-सोळा वर्षांचं कॉलेज. बाहेरच्यांच्या लेखी जुगाराच्या गावातली एक शाळा. चार वर्षांत त्याने तिथला संघ देशातल्या शेवटच्या चौघांत नेला. त्याच वर्षी, 1977 मध्ये, एनसीएएचा निकाल आला: नियमभंगाच्या 38 घटना, पैकी 10 टार्केनियनच्या नावावर. संघाला दोन वर्षं शिक्षा, आणि विद्यापीठाला आदेश की या काळात कोचला दूर करा, नाहीतर आणखी शिक्षा का करू नये ते सांगा.

हे 38 गुन्हे ज्या नियमांखाली मोजले, ते नियम सांगायला हवेत. खेळाडूला शिष्यवृत्ती, म्हणजे फी, राहणं आणि जेवण. त्यापलीकडे काही नाही. घरी जायला विमानाचं तिकीट काढून दिलं, कपडे घेऊन दिले, की नियमभंग. त्याच वेळी टार्केनियनच्या स्वतःच्या करारात पगाराबरोबर स्पर्धेतून विद्यापीठाला मिळणाऱ्या पैशाचा टक्का होता, शिबिरांचं आणि जाहिरातींचं उत्पन्न होतं. म्हणजे मुलांच्या घामातून कोचने कमावलं तर तो व्यवसाय, आणि त्या मुलाने आईला भेटायला फुकट तिकीट घेतलं तर तो भ्रष्टाचार. ही व्यवस्था टार्केनियनने उभी केली नव्हती, पण तिचा लाभ त्याने इतर कुठल्याही कोचइतकाच घेतला. माझ्या मते त्याच्याविरुद्धचा हाच सगळ्यांत खरा आरोप आहे, आणि एनसीएएला तो कधीच ठेवता आला नसता.

चौकशी झाली कशी? एनसीएएचे तपासनीस लोकांना भेटत, बोलत आणि मग आठवणीतून टिपण करत. ध्वनिमुद्रण नाही. सुनावणीत तीच टिपणं पुरावा म्हणून पुढे येत. ज्यांनी म्हणे साक्ष दिली, त्यांची उलटतपासणी घेण्याची सोय नव्हती. विद्यापीठाने उलट बाजूची प्रतिज्ञापत्रं दिली. समितीने तपासनिसाच्या टिपणावर विश्वास ठेवला. समिती एनसीएएचीच, आणि अपील ऐकणारं मंडळही एनसीएएचंच. विद्यापीठाने आपल्या पातळीवर सुनावणी घेतली तेव्हा ती घेणाऱ्या अधिकाऱ्याने पुराव्याच्या दर्जाबद्दल उघड शंका नोंदवली, आणि तरीही शिक्षा अमलात आणण्याचा सल्ला दिला. कारण दुसरा मार्ग एनसीएएतून बाहेर पडण्याचा होता, आणि ते म्हणजे खेळ बंद करणंच. पटत नसताना आदेश पाळणारा हा अधिकारी मला या सगळ्या कहाणीतला सर्वांत ओळखीचा माणूस वाटतो. आपल्या कचेऱ्यांत तो रोज भेटतो.

एनसीएएच्या बाजूनेही एक मुद्दा आहे, आणि तो दुबळा नाही. आम्ही पोलीस नाही, आमच्याकडे समन्स काढण्याचा अधिकार नाही. कोर्टाचे निकष लावले तर एकही लबाडी सिद्ध होणार नाही. बरोबर आहे. पण अधिकार कमी असतील तर शिक्षाही त्या मानाने बेताची असावी. पुरावा गावगप्पांच्या तोडीचा आणि शिक्षा नोकरी घालवण्याची, हा हिशेब जुळत नाही. शिवाय टेप रेकॉर्डर वापरायला कुठलं समन्स लागतं?

निलंबनाच्या आदल्या दिवशी टार्केनियन नेवाडाच्या न्यायालयात गेला आणि मनाई हुकूम घेऊन आला. पुढची अकरा वर्षं तो त्या हुकमाच्या आधारावर कोच राहिला. नेवाडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्ये त्याच्या बाजूने कौल दिला. मग प्रकरण वॉशिंग्टनला गेलं, आणि 12 डिसेंबर 1988 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी एनसीएएच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांचा युक्तिवाद असा: राज्यघटनेतली न्याय्य प्रक्रियेची हमी सरकारविरुद्ध आहे, एनसीएए सरकार नाही, आणि यूएनएलव्हीला नियम मान्य नव्हते तर सदस्यत्व सोडायची मुभा होतीच. पाटलाचा निवाडा पटत नसेल तर गाव सोड, असंच हे झालं. सोडून जायचं कुठे, हे गावाबाहेरच्याला विचारून उपयोग नसतो.

विरोधी निकालपत्र न्यायमूर्ती बायरन व्हाइट यांनी लिहिलं. न्यायाधीश होण्याआधी व्हाइट हे कॉलेज फुटबॉलचे गाजलेले खेळाडू होते, व्यावसायिक फुटबॉलही खेळलेले. सरकारी विद्यापीठ आणि खासगी संस्था करार करून, एकत्र मिळून एका माणसाला शिक्षा करतात, तर त्या कृतीत सरकारचा हात नाही असं कसं म्हणता येईल, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा. त्या खंडपीठात मैदानाची माती सगळ्यांत जास्त लागलेला माणूस अल्पमतात राहिला.

1991 मध्ये नेवाडा विधिमंडळाने कायदाच केला: आमच्या राज्यात एनसीएएने चौकशी करायची तर न्याय्य प्रक्रियेनेच करावी लागेल. 1993 साली केंद्रीय अपील न्यायालयाने तो रद्द केला, कारण तो आंतरराज्य व्यापारात अडथळा आणतो. हे दोन निकाल शेजारी ठेवून पाहा. कोचने हक्क मागितला तेव्हा एनसीएए ही स्वेच्छेने जमलेली खासगी मंडळी होती. राज्याने नियम घातला तेव्हा तीच देशभर पसरलेला व्यापार ठरली. त्या व्यापाराचा आकार सांगायचा तर 1989 मध्ये सीबीएस वाहिनीने सात वर्षांच्या प्रक्षेपणासाठी एक अब्ज डॉलर्स देऊ केले होते. ज्यांचा खेळ दाखवायचा, त्यांना त्यातलं काही नाही.

टार्केनियनचा सुवर्णकाळ नेमका याच खटल्याच्या सावलीत आला. 2 एप्रिल 1990 रोजी डेन्व्हरला राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्याच्या संघाने ड्यूक विद्यापीठाला 103-73 असं चिरडलं. अंतिम सामन्यात शंभरी गाठणारा तो पहिला संघ. ज्या कोचला काढा म्हणून एनसीएए तेरा वर्षं अडून बसली होती, त्याच्याच हातात तिला आपला चषक द्यावा लागला. त्याच जुलैमध्ये, 1977च्या जुन्या प्रकरणाची थकबाकी म्हणून, तिने यूएनएलव्हीला पुढच्या स्पर्धेतून बाहेर काढलं. आरडाओरडा झाल्यावर बंदी एक वर्ष पुढे ढकलली. 1990च्या विजेत्यांना, म्हणजे 1977 साली प्राथमिक शाळेत असलेल्या मुलांना, त्या जुन्या विमान तिकिटांची किंमत मोजायला लावायची! 1991 मध्ये हा संघ एकही सामना न हरता उपांत्य फेरीत पोचला आणि ड्यूककडून दोन गुणांनी हरला.

त्यानंतर दोनच महिन्यांत लास व्हेगासच्या वर्तमानपत्रात एक फोटो छापून आला: संघातले तीन खेळाडू गरम पाण्याच्या टबात, आणि सोबत रिचर्ड पेरी, खेळांत लाचबाजी केल्याबद्दल शिक्षा भोगलेला इसम. टार्केनियनची यूएनएलव्हीतली कारकीर्द या फोटोने संपवली. त्याआधी 1987 मध्ये लॉइड डॅनियल्स प्रकरण होऊन गेलं होतं. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरचा अफाट गुणी मुलगा, पण शाळेशी संबंध नावापुरता. टार्केनियनच्या सहायकाने त्याचं कायदेशीर पालकत्व घेऊन त्याला आणला, आणि एक सामना खेळण्याआधीच तो अमली पदार्थ विकत घेताना पकडला गेला. पुढे तो फ्रेस्नो स्टेटचा कोच झाला, तिथेही खेळाडूंच्या अटका आणि भानगडी सुटल्या नाहीत. दुसरी संधी देणं आणि गुणी मुलाला कसंही करून संघात ओढणं यांत फरक आहे, आणि टार्केनियनला तो नेहमी दिसला असं नाही. त्याचे कित्येक खेळाडू पदवीविना बाहेर पडले. याचा जाब त्याला विचारायलाच हवा होता. पण एनसीएएने विचारलं ते तिकिटांबद्दल.

जुलै 1990च्या त्या बंदीचा एक परिणाम कुणाच्याच डोक्यात नसेल. कॅलिफोर्नियातला एड ओबॅनन हा तेव्हाचा देशातला सर्वांत नावाजलेला शाळकरी खेळाडू टार्केनियनकडे जायचं ठरवून बसला होता. बंदी आली म्हणून तो यूसीएलएला गेला आणि 1995 साली तिथे राष्ट्रीय विजेता झाला. व्यावसायिक कारकीर्द फार चालली नाही. पुढे मोटारी विकायचं काम करत असताना एका मित्राच्या घरी मुलाने त्याला व्हिडिओ गेम दाखवला. पडद्यावर यूसीएलएचा 31 नंबर, डावखुरा, तुळतुळीत डोक्याचा. तो स्वतःच. गेम पैसे देऊन विकत आणला होता, आणि त्यातला एक सेंटही त्याला मिळालेला नव्हता. 2009 मध्ये त्याने एनसीएएवर दावा लावला. 2014 मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी निकाल दिला की खेळाडूंना मोबदला नाकारणारे हे नियम मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करतात. 2021 साली खेळाडूंच्या लाभांवरच्या मर्यादांना आव्हान देणाऱ्या ऑल्स्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 9 विरुद्ध 0 ने एनसीएएला फटकारलं. त्या जुलैपासून खेळाडू स्वतःच्या नावावर कमाई करू लागले, आणि खेळाडूंच्या दाव्यांत जून 2025 मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीनुसार विद्यापीठं आता पहिल्या वर्षी 2 कोटी 5 लाख डॉलर्सपर्यंतची रक्कम थेट खेळाडूंमध्ये वाटू शकतात.

टार्केनियन हे बघायला नव्हता; फेब्रुवारी 2015 मध्ये तो गेला. त्याच्यावरचे जुने आरोप आज वाचले तर त्यातले कितीतरी साधा करार वाटतात. मात्र त्याचे चाहते यावरून तो काळाच्या पुढे होता असं म्हणतात, ते मला पटत नाही. नियम वाईट असला तरी तो बदलेपर्यंत सगळ्यांनी पाळायचा, हा मुद्दा रास्त आहे. पण नियमच वादग्रस्त असेल तेव्हा तो लागू करण्याची पद्धत चोख असावी लागते. नाहीतर नियम कुणावर चालवायचा हे चालवणाऱ्याच्या मर्जीवर राहतं, आणि ती मर्जी केंटकीवर मेहेरबान आणि क्लीव्हलँडवर खप्पा असते.

हा प्रश्न आपल्या दारातही येऊन गेला आहे. मुंबईत वानखेडेवर कार्यालय असलेलं बीसीसीआय भारताचा संघ निवडतं, देशाच्या नावाने खेळवतं, खेळाडूवर आजन्म बंदी घालू शकतं. 2005 मध्ये झी टेलिफिल्म्सच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 3 विरुद्ध 2 मतांनी ठरवलं की घटनेच्या बाराव्या अनुच्छेदाखाली बीसीसीआय म्हणजे ‘राज्य’ नव्हे. इथवर आपली वाट अमेरिकेचीच. पण त्याच निकालाने 226व्या अनुच्छेदाखाली उच्च न्यायालयात दाद मागण्याचा मार्ग उघडा ठेवला, आणि 22 जानेवारी 2015 रोजी, आयपीएलमधल्या सट्टेबाजीच्या प्रकरणात, न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की मंडळ सार्वजनिक काम करतं आणि म्हणून ते न्यायालयीन छाननीच्या कक्षेत येतं. पदाधिकाऱ्यांना आयपीएलमध्ये व्यापारी हितसंबंध ठेवू देणारी मंडळाची नियमदुरुस्तीही त्याच निकालात रद्द झाली. आपल्या न्यायव्यवस्थेवर टीका करायला आपण सदैव तयार असतो, त्यात मीही आलो. या एका बाबतीत मात्र आपल्या न्यायमूर्तींनी अमेरिकन सर्वोच्च न्यायालयापेक्षा सरस काम केलं. संस्था सरकारी की खासगी यात न अडकता, ती काम कुणाचं करते हे त्यांनी पाहिलं.

तिकडे आता एनसीएएचे आर्थिक नियम राबवायला 2025 मध्ये ‘कॉलेज स्पोर्ट्स कमिशन’ नावाची नवी संस्था आली आहे. खेळाडूने बाहेरच्या कुणाशी 600 डॉलर्सचा किंवा त्याहून मोठा करार केला की तो तिच्याकडे तपासायला द्यायचा. वाद झाला तर लवादाकडे जायचं. लवाद त्रयस्थ असेल तर टार्केनियनला जे कधीच मिळालं नाही ते या मुलांना मिळेल, आणि ही सुधारणा लहान नाही. पण त्याच संस्थेने विद्यापीठांपुढे एक करारनामा ठेवला, आणि त्यात न्यायालयात जाण्याचा हक्क सोडून द्यायचं कलम होतं. टेक्सासच्या अ‍ॅटर्नी जनरलने आपल्या राज्यातल्या विद्यापीठांना त्यावर सही करू नका असं सांगितलं. राजकारणी माणूस, त्याचे हेतू काय असतील ते असोत. सही न करण्याचा सल्ला योग्य होता.